लोकांवाचून लोकसंगीत

लोकगीताचा कर्ता अज्ञात असतो, हे विधान आपल्याकडे इतक्या वेळा करण्यात आले आहे की, त्याची दुसरी बाजू बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. कर्ता अज्ञात असला तरी गाणारे मात्र पक्के ज्ञात असतात. जात्यावरची अमुक एक ओवी कोणी रचिली हे सांगता येणार नाही. परंतु ती कोण गाते, कोणत्या प्रहरी गाते व त्या वेळी हाताला कोणते काम असते, हे त्या गावातील लहान मूलदेखील सांगेल. कवीचे नाव गळून पडले, तरी गाणाऱ्यांचे गाव, काम आणि ऋतू ही त्या गाण्याला चिकटून राहतात. असे जर आहे, तर ज्या देशाला पृथ्वीच्या नकाशावर जागा नाही व ज्याचे रहिवासी केवळ चित्रात हिंडतात, त्या देशाचे लोकगीत कोणी आणि कसे रचावे?

हा प्रश्न वरवर पाहता रिकामपणाचा वाटेल. तसा तो नाही. व्हिडिओ गेम म्हणून जो खेळ आज घराघरांतील मुले, आणि खरे बोलावयाचे तर त्यांचे वडीलही, पडद्यासमोर बसून खेळतात, त्याच्या उत्तम नमुन्यांत कल्पित राज्ये, त्यांचे इतिहास, त्यांच्या बोली व त्यांचे देवधर्म यांची मोठी कष्टाळू मांडणी केलेली असते. अशा राज्यातील खेड्यात खेळणारा शिरला की तेथील माणसे काहीतरी गात-वाजवीत असलीच पाहिजेत. आणि ते गाणे त्या मातीतले वाटले पाहिजे. सुशिक्षित घरांतून या खेळांविषयी तक्रारीखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही. त्या तक्रारींत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या संगीताने कोट्यवधी तरुणांचे कान घडत आहेत त्याचा विचार करावयाचाच नाही, हे टीकेचे व्रत खचित नव्हे. शिवाय हा उद्योग आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. इ. स. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणिले, तेव्हा कण्वाच्या तपोवनात त्यांनी साकी व दिंडी यांना प्रवेश दिलाच होता. कालिदासाच्या आश्रमात मराठी चाली कोठून आल्या, असे त्या प्रेक्षकांनी विचारिले नाही. कारण त्या चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या.

आम्ही येथे परीक्षणासाठी एकच कृती घेतो. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेला ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ हा तो खेळ होय. त्याचे मूळ आंजेय साप्कोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांत असून, त्यांतील पहिली कथा १९८६ मध्ये एका मासिकात छापून आली. गेराल्ट नावाचा एक भाडोत्री राक्षसवेधक हा नायक. त्याच्या पाठीवर दोन तरवारी असतात : एक पोलादी, माणसांसाठी, दुसरी रुप्याची, पिशाच्चांसाठी. खेळाचे संगीत मार्चिन प्शिबिवोविच व मिकोवाय स्त्रोइन्स्की यांनी रचिले, वाद्यवृंदाचा भाग जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या वृंदाने वाजविला, आणि त्यात पर्सिव्हल नावाच्या पोलिश लोकसंगीतमंडळीचा वाटा फार मोठा आहे. या मंडळीने आपले नाव साप्कोव्स्कीच्याच कथांतील एका बुटक्या पात्रावरून घेतलेले आहे. म्हणजे कल्पित देशाने आधी गायकांना नाव दिले, आणि पुढे त्या गायकांनी त्या देशाला आवाज दिला.

या खेळाचा देश कल्पित असला तरी अधांतरी नाही. दुपारच्या उन्हात शेतात दिसणारी हडळ, रानाचा वृक्षरूपी राखणदार, संस्कारावाचून पुरलेल्या अर्भकाचे भूत, ही सगळी स्लाव्ह खेड्यांतील आजीबाईंच्या गोष्टींतून आलेली मंडळी आहेत. एका प्रसंगी गावकरी रात्री एका बेटावर जमून मृतांच्या आत्म्यांना आवाहन करितात. आपल्या पितृपक्षाची आठवण करून देणारा हा विधी पोलंड-लिथुएनियाच्या बाजूच्या ‘द्झ्यादी’ या आचारावरून घेतलेला आहे. आणि त्याच विधीवर आदाम मित्स्कियेविच या महाकवीने १८२३ सालापासून आपले प्रख्यात नाटक रचिले. सारांश, या खेळामागे दोनशे वर्षांची एक वाङ्मयीन परंपरा उभी आहे. तिच्या संगीतास कोणता मापदंड लावावयाचा, एवढेच ठरवावयाचे आहे.

तो मापदंड आम्ही हंगेरीच्या बेला बार्टोककडून उसना घेतो. कोडाय या आपल्या मित्रासह खेड्यापाड्यांतून हिंडून हजारो गीते गोळा करणाऱ्या या संगीतकाराने १९३१ साली एका निबंधात असे प्रतिपादिले की, कृषिकांच्या संगीताचा उपयोग तीन प्रकारे करिता येतो. पहिला प्रकार, खरे लोकगीत जसेच्या तसे उचलून त्यास साथीचे कोंदण करणे. दुसरा, लोकगीताचे अनुकरण करून तशी नवी चाल बसविणे. तिसरा, आणि सर्वांत अवघड, म्हणजे ना उचललेली चाल ना अनुकरण, आणि तरीही सगळ्या रचनेत त्या संगीताचा श्वास भरून राहणे. कवी जसा मातृभाषेत सहज बोलतो, तसा तिसऱ्या प्रकारचा संगीतकार लोकसंगीतात बोलतो, असे बार्टोकचे मत होते. या खेळात तिन्ही प्रकार सापडतात, आणि प्रत्येकाचे यशापयश निराळे आहे.

पहिल्या प्रकारचे ठळक उदाहरण म्हणजे पोलादी तरवार उपसली जाते तेव्हाचे ‘स्टील फॉर ह्यूमन्स’ हे युद्धसंगीत. स्त्रियांचे मोकळ्या गळ्याचे, धार लावल्यासारखे आवाज एकमेकांना खेटून उभे राहतात, खाली ढोल धावत सुटतात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. परिणामाच्या दृष्टीने या रचनेला तोड नाही. पण हे गीत मुळात काय आहे? पर्सिव्हलने आधीच गाइलेल्या ‘लाझारे’ या बल्गेरियन लोकगीताचे हे रूपांतर आहे. ईस्टरच्या आधी येणाऱ्या लाझारसच्या शनिवारी बल्गेरियातील उपवर मुली नटूनथटून घरोघर जातात, गातात, नाचतात व त्या घराला आरोग्य व सुबत्ता चिंतितात. ही गीते त्या सणाची होत. दारात येऊन शुभ चिंतणाऱ्या कुमारिकांचे गाणे येथे मुंडकी उडविण्याच्या कामी लाविले आहे.

यावर एक आक्षेप आम्हांस आधीच ऐकू येतो. चाली भटक्याच असतात. एका कामाची चाल दुसऱ्या कामाला लावणे हा लोकसंगीताचा जन्मस्वभाव आहे. आपले कीर्तनकार लावणीच्या ठेक्यावर अभंग म्हणत नाहीत काय? म्हणतात, आणि गोडही म्हणतात. परंतु कीर्तनात बसलेल्या श्रोत्याला लावणीही ठाऊक असते आणि अभंगही ठाऊक असतो. शृंगाराची चाल विठ्ठलाच्या पायांशी येऊन पडली, हे त्याला कळते, आणि त्या कळण्यातच अर्धा आनंद असतो. ‘स्टील फॉर ह्यूमन्स’च्या श्रोत्याला लाझारसचा शनिवार ठाऊक नाही, बल्गेरियन शब्द ठाऊक नाहीत, त्याला ती केवळ एक प्राचीन रणगर्जना वाटते. अर्थावर अर्थ चढला असता तर ते काव्य झाले असते. येथे पहिला अर्थ पुसूनच दुसरा लिहिला गेला आहे. रचना म्हणून आम्ही तिची स्तुती करितो. परंतु लोकसंगीताचा उपयोग या नात्याने तिला आम्ही या खेळातील सर्वांत दुबळी जागा समजतो.

याच्या उलट उदाहरणही याच खेळात आहे. स्केलिगे नावाची वाऱ्याने झोडपलेली बेटे, तेथील कोळी, खलाशी व त्यांच्या टोळ्या यांच्या प्रदेशात खेळणारा उतरला की एका स्त्रीचा एकाकी स्वर दुरून ऐकू येतो. हे सूर ‘फेर अ वाह्ता’ म्हणजे ‘नावाडी’ या स्कॉटलंडच्या गेलिक गीताचे आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुइस बेटावरील एका तरुणीने आपल्या दर्यावर्दी प्रियकरासाठी ते रचिले, असे परंपरा सांगते. किनाऱ्यावर उभी राहून होडीची वाट पाहणाऱ्या स्त्रीचे ते गाणे आहे. येथेही श्रोत्याला शब्द कळत नाहीत. येथेही चाल उसनीच आहे. परंतु ती ज्या जागी ठेविली आहे ती जागा तिची आहे : समुद्र, धुके, परत न आलेले पुरुष आणि डोळे लावून बसलेल्या बायका. भाषा न कळताही श्रोता जे समजतो ते मूळ गीताच्या अर्थापासून फारसे दूर नसते. उचललेले गीत कोणत्या भूमीत लाविले, यावर ते जगते की वाळते हे ठरते, याचा याहून स्पष्ट दाखला देता येणार नाही.

दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे नव्याने रचिलेल्या गीताचा, सर्वांत नावाजलेला नमुना म्हणजे नोविग्राद नगरीच्या खाणावळीत प्रिसिला ही गायिका तंतुवाद्यावर गाते ते ‘द वुल्व्हन स्टॉर्म’ हे गीत. गेराल्ट व त्याची प्रिया येनेफर यांच्या तुटत-जुळत राहणाऱ्या प्रेमाविषयी ते आहे, आणि ते चालू असता समोर स्वतः गेराल्ट बसलेला आहे. काटेकोर बोलावयाचे तर हे लोकगीत नव्हे, दरबारी भाटाच्या परंपरेतील गीत आहे. आणि त्याच्या स्वरावळीवर आधुनिक भावगीताची झिलई थोडी अधिकच चढली आहे. तरीही ते मनात राहते, आणि त्याचे कारण चालीत नसून मांडणीत आहे. येथे गाणारी आहे, ऐकणारे आहेत, प्रसंग आहे. आवाज बंद पडतात, पेले हातांतच राहतात, एका श्रोतीच्या डोळ्यांत पाणी येते. इतर ठिकाणी संगीत आकाशातून पडल्यासारखे येते. येथे ते माणसाच्या तोंडून माणसाच्या कानात जाते. त्या चार-दोन मिनिटांपुरती त्या कल्पित देशाला खरी प्रजा लाभते. लोकसंगीतास लोक हवेत, हे या खेळाच्या कर्त्यांनी ज्या ज्या ठिकाणी ओळखिले, त्या त्या ठिकाणी सामान्य चालही तरून गेली आहे.

तिसरा प्रकार आम्हांस वेलेनमध्ये आढळला. वेलेन म्हणजे युद्धाने उजाड केलेला दलदलीचा मुलूख. वाटेवर फासावर टांगलेली माणसे, ओस पडलेली झोपडी, उपाशी कुत्री. येथील संगीतात सांगण्याजोगी चाल जवळजवळ नाहीच. गजाने ओढलेल्या तारेचा एक खरखरीत स्वर, त्याखाली अखंड धरलेला सूर, मध्येच दोन-तीन स्वरांचे एखादे वळण, आणि पुन्हा वारा. या संगीतात ठिकठिकाणी हर्डी-गर्डी हे वाद्यही आहे. त्यात गजाऐवजी राळ लाविलेले चाक फिरून तारा घासल्या जातात, व काही तारा एकच सूर सतत धरून राहतात. तुणतुण्याच्या साथीस सरावलेल्या मराठी कानाला या धरलेल्या सुराचे नवल वाटणार नाही. यांत कोणतेही गीत उचललेले म्हणून दाखविता येणार नाही, की कशाची नक्कल म्हणून बोट ठेविता येणार नाही. आणि तरीही हे पोलंडच्या सपाट, ओल्या, वारंवार तुडविल्या गेलेल्या मुलखाचे संगीत आहे, अशी खात्री पटते. बार्टोकने मातृभाषेची जी उपमा वापरिली ती येथे लागू पडते. कल्पित देशाला स्वतःची मातृभाषा नसते. ती संगीतकाराने आपल्या पदरची द्यावी लागते. या रचनाकारांनी ती दिली आहे.

आता या माध्यमाच्या एका अडचणीचा विचार केला पाहिजे. नाटकात किंवा चित्रपटात प्रसंग किती वेळ चालणार हे संगीतकाराला ठाऊक असते. खेळात ते ठाऊक नसते. खेळणारा त्या खेड्यात दोन मिनिटे थांबेल, किंवा एखादे हरवलेले मेंढरू शोधीत दोन तास घालवील. म्हणून संगीत फिरून फिरून वाजेल असे रचावे लागते, आणि त्याचे थर वेगवेगळे ठेवावे लागतात. शत्रू जवळ आला की ढोलांचा थर वर चढतो, धोका टळला की उतरतो. या गरजेला राजदरबारच्या वा सभागृहाच्या संगीतापेक्षा लोकसंगीत स्वभावतःच अधिक जुळते. ज्याला आरंभ, विस्तार व समाप्ती आहे अशी वाद्यवृंदाची बांधेसूद रचना मध्येच तोडली की ती जखमी होते. दळण सरेपर्यंत ओवी चालावयाची, शेतातले काम संपेपर्यंत भलरी चालावयाची. किती वेळ, हे काम ठरविणार. पुनरावृत्ती हा लोकगीताचा प्राणच आहे.

परंतु येथेच यंत्र आणि माणूस यांतील भेद उघडा पडतो. दळणारी बाई एक चाल शंभर वेळा म्हणते, पण दोनदा अगदी सारखी म्हणत नाही. थकवा, आठवण, शेजारणीचा हुंकार, जात्यात पडलेली नवी मूठ, यांनी प्रत्येक वेळी सूर थोडा हलतो. यंत्र तेच ध्वनिमुद्रण शंभर वेळा तसेच वाजविते. पहिल्या घटकेला जे प्राचीन वाटले ते चौथ्या घटकेला भिंतीवरच्या कागदासारखे वाटू लागते. या खेळाच्या कर्त्यांनी थर व पर्याय यांची योजना करून हा दोष बराच झाकला आहे. पण तो नाहीसा झालेला नाही. एकाच चालीची दहा-बारा निरनिराळी गायने, निरनिराळ्या वयांच्या गळ्यांतून, ध्वनिमुद्रित करून ठेविली तर कल्पित खेड्यालाही म्हातारी माणसे व पोरे असल्याचा भास होईल. वाद्यांच्या संग्रहावर जितका खर्च होतो त्याच्या काही अंशाने हे साधेल, असे आम्हांस वाटते.

हा सगळा विचार आपल्या दारापासून दूर आहे असे कोणी समजू नये. ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांच्या जगात घडणारा खेळ पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीने २०२० साली प्रसिद्ध केला, आणि त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले. परक्याने आपल्या देवदेवतांच्या जगाला सूर द्यावेत काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात तत्काळ उभा राहील. आमचे उत्तर असे की, जन्म हा येथे दाखला नव्हे. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावच्या बाजूचा, मातृभाषा कन्नड. माळव्याची लोकगीते त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेली नव्हती. दुखण्यामुळे देवासला येऊन राहावे लागले, गाणे बंद झाले, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी जे ऐकिले त्यातून पुढे धुनउगम राग उत्पन्न झाले. बार्टोकचा तिसरा प्रकार याहून उज्ज्वल रूपात आम्हांस ठाऊक नाही. तो अधिकार त्यांना वंशाने नव्हे, तर ऐकण्याने मिळाला. आणि असे ऐकणे एखाद्या ग्रीकास जितके साध्य आहे तितकेच पुण्याच्या पदवीधरासही, आणि तितकेच अवघड. उद्या एखादा मराठी संगीतकार कल्पित सह्याद्रीचे संगीत रचावयास बसेल, तेव्हा संबळ, तुणतुणे व हलगी यांचे आयते नाद यंत्रातून काढून त्याने एकावर एक रचिले, तर ते प्रदर्शनातील बाहुल्यांसारखे होईल. संबळ कोणाच्या कुळधर्माला, कोणत्या रात्री, कोणासमोर वाजतो, हे ज्याने गोंधळात बसून पाहिले आहे, त्याचा कल्पित संबळही खरा वाजेल.

शेवटी, या व्यवहारात कोणाचे काय पणास लागले आहे, हे सांगितले पाहिजे. या खेळाच्या पाच कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलू शकणारी माणसे सुमारे सत्तर हजार आहेत. लुइस बेटावरील त्या तरुणीचे गाणे, तिची भाषा बोलणाऱ्यांच्या कित्येकशे पटींनी अधिक लोकांच्या कानांवरून गेले आहे. एका दृष्टीने हे त्या गाण्याचे केवढे भाग्य! परंतु त्यांतील बहुतेकांच्या लेखी ते स्केलिगे नावाच्या, कोठेही नसलेल्या बेटाचे गाणे आहे. कर्त्याचे नाव हरविणे ही लोकगीताची जुनी रीत होय. लोकांचेच नाव हरविणे हे मात्र नवे आहे, आणि लहान भाषांना ते परवडणारे नाही. ज्या खेळात प्रत्येक पिशाच्चाची कुळकथा सांगणारी पोथी नायकाच्या झोळीत ठेविलेली असते, त्यात प्रत्येक गीताची चार ओळींची कुळकथा ठेविणे काही अशक्य नव्हते. लाझारसच्या शनिवारी दारोदार जाणाऱ्या मुलींची आठवण तेथे असती, तर पोलादी तरवारीखालच्या त्या गाण्यात तरुण श्रोत्याला दोन अर्थ ऐकू आले असते, आणि तरवार उचलताना त्याचा हात कदाचित क्षणभर थबकला असता.

कल्पित देशाचे संगीत उत्तम झाले की नाही हे पाहण्याची आमची कसोटी म्हणून साधी आहे. ते ऐकताच असे वाटावे की, हे कोणीतरी, काहीतरी करीत असता, कोणासाठी तरी गात आहे. ‘द विचर ३’ च्या संगीताने ही कसोटी वेलेनच्या दलदलीत, स्केलिगेच्या किनाऱ्यावर व नोविग्रादच्या खाणावळीत उत्तीर्ण केली आहे, आणि रणांगणावर, जेथे ते सर्वाधिक गाजले तेथेच, ते उणे पडले आहे. तरीही इतक्या गंभीर परीक्षेस बसण्याची योग्यता एका खेळाच्या संगीताला आली, ही गोष्ट लहान नव्हे. आमच्या वाचकांच्या घरांत हा खेळ चालू असेल, तर त्यांनी एक वेळ दार लावून न घेता आत जाऊन बसावे, आणि हे गाणे कोणाचे, असे मुलांना विचारावे. उत्तर त्यांना ठाऊक नसेल. पण विचारल्यावर ते शोधतील.